बाबांचे सिगार

बाबांचा एक बालमित्र परदेशात स्थायिक झालेला. मार्चमध्ये तो वाघ बघायला मोहर्लीला आला आणि परतताना भद्रावतीला आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर सिगारची एक पेटी ठेवून गेला. "रिटायर होशीन ना, त्या दिवशी ओढजो," म्हणाला. बाबा रिटायर होणार होते ऑगस्टअखेर. सिगार त्यांनी कधी ओढला नव्हता, पण मित्राला हो म्हटलं होतं.

एप्रिलच्या उन्हाळ्यात पेटी उघडली, तर एका सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि खाली बारीक भुसा. परीक्षेच्या अभ्यासासाठी मी घरीच होते. मोबाईलवर शोधलं. तंबाखूत किड्याची अंडी असतात, उकाड्यात ती फुटतात. उपाय एकच, गोठवायचं. भोकं पडलेला सिगार फेकला. बाकीचे दुहेरी पिशवीत हवाबंद करून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले, मग वर फ्रीजरमध्ये.

आई भडकली. "काहो, तंबाखू कोणी बर्फात ठेवते काय? माह्या वाटाण्याले वास लागन!"

"नाई लागत. आठवडाभराचं काम हाये," बाबा म्हणाले.

आठवड्याने ते पुन्हा खालच्या कप्प्यात आले, मग टेबलावर. बाबांना लगेच पिशवी फाडायची होती. मी त्यांचा हात धरला. सिगारच्या थंडगार पानाला बाहेरची हवा लागली की दव धरतं आणि पान तडकतं.

मग सिगार वाळू नयेत म्हणून घट्ट झाकणाचा डबा, ओलावा सांभाळणारी पाकिटं आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळासारखं छोटं मीटर, असं सगळं मागवलं. डबा आतल्या खोलीत, दिवाणाखाली. मीटरचा काटा सत्तर टक्क्यांच्या जरा खाली हवा. चहाच्या आधी बाबा वाकून बघायचे आणि क्रिकेटचा स्कोर सांगावा तसे ओरडायचे, "सदुसष्ट!" शेजारचे काका फाटकातूनच विचारायचे, "भाऊ, तब्येत कशी हाये?" बाबा सिगारची तब्येत सांगायचे.

पावसाळ्यात दारं फुगली, पापड मऊ पडले आणि काटा वर चढायला लागला. बुरशीच्या धास्तीने बाबांनी पाकिटं काढून ठेवली. ऊन पडलेल्या दुपारी झाकण थोडा वेळ उघडं ठेवून ते शेजारीच बसून राहिले. काटा उतरला तेव्हा त्यांनी मला हाक मारून तो दाखवला.

निवृत्तीच्या संध्याकाळी त्यांच्या सेक्शनचे चार मित्र गच्चीवर जमले. ऐनवेळी पाऊस थांबला होता. टोकं कापून सिगार पेटवले. धूर गिळायचा नाही हे बाबांनी सगळ्यांना बजावलं आणि स्वतःच गिळून डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकले. सगळे पोट धरून हसत होते तेव्हा आई भज्यांचं ताट घेऊन वर आली.

"द्या इकडं, पाहू तरी."

तिने एक झुरका घेतला, धूर तोंडात घोळवला आणि सावकाश सोडला. साधा ठसकाही नाही. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

"बरा हाये," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. सिगार काही तिने परत केला नाही. बाबांनी हसत डब्यातून दुसरा काढला.