घर तुझंच आहे ना, ताई!

सुनंदाताई माझ्या वकिलीच्या ऑफिसात माझ्यासमोर बसल्या होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ दिलीप दारातूनच विचारत होता, "मॅडम, झालं का टाइप करून?"

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ताईंची बारावी सुटली. त्या गोरेगावला एका कंपनीत पॅकिंगला लागल्या. दिलीपचं शिक्षण आणि घाटकोपरच्या घराचे हप्ते, दोन्हींचा खर्च त्यांच्या पगारातून गेला. त्यांचं स्वतःचं लग्न उशिरा झालं. घर वडिलांच्या नावावर होतं, आणि पुढे ते मृत्युपत्र न करताच गेले. आई आधीच गेलेली. म्हणजे कायद्याने घर दोघांचं, निम्मं निम्मं.

आता दिलीपला ताईंचं हक्कसोडपत्र हवं होतं. वारसाने आपला हिस्सा दुसऱ्या वारसाला सोडून द्यायचा, असा हा दस्त. रजिस्ट्रेशन झालं की सहसा माघार नाही. आपल्याकडे बहिणी तो पेढे वाटून देतात.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, घराण्यातली पहिली वकील. मुलुंडला स्वतःच्या जोरावर ऑफिस काढलं, आणि इथवर मला कायद्यानेच आणलं असं मी अभिमानाने सांगते. म्हणून मी स्पष्ट बोलले. "ताई, सही करू नका. भाऊ राहू दे तिथे. तुमचं नावही राहू दे."

"माका काय्येक नको गो," त्या म्हणाल्या. "फक्त गौरी-गणपतीला मला माहेरी बोलवायचं. तेवढं लिहिता येईल?"

"लिहिता येईल. पण बोलावलं नाही तर कोर्ट काही करू शकत नाही. माहेर कायद्यात बसत नाही."

दिलीप आत आला. "मॅडम, भांडणं लावायची फी वेगळी घेता काय?"

"दिलप्या, गप रे!"

"अगं पण हे काय लिहायचं असतं? घर तुझंच आहे ना, ताई!"

ताई हसल्या. विषय संपला. दस्त मीच तयार केला. रजिस्ट्रेशनला त्या नवी साडी नेसून आल्या. फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसतानाही हसत होत्या. बाहेर आल्यावर पेढ्यांचा बॉक्स आधी माझ्यापुढे धरला.

काही वर्षं सगळं झकास चाललं. गौरी यायच्या तेव्हा ताईही यायच्या. मग दिलीपने घर विकलं आणि तो मुलाकडे पुण्याला गेला. गणपती गावच्या चुलतभावाकडे सोपवला. ताईंना हे शेजारणीकडून कळलं.

त्या माझ्याकडे आल्या. "सही रद्द होते का, मॅडम?"

कोणी फसवलं असतं, धमकावलं असतं, तर लढता आलं असतं. पण दस्तात 'स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' असं मीच लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. त्यांच्यासमोरच मी स्पीकरवर दिलीपला फोन लावला.

"मॅडम, घर माझ्या नावावर होतं," तो म्हणाला. "कायद्याने मी कोणाला विचारायला बांधील नाही."

त्याचं बरोबर होतं. मला त्याचाच राग आला.

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "घराचं जाऊ दे. गौरसुद्धा माहेरी येते गो. मी आता कुठे जाऊ?"

याला कलम नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एकच काम करून घेतलं. मुलुंडची त्यांची खोली मुलगा आणि मुलगी, दोघांना समान, असं मृत्युपत्र. मुलगी सोबत आली होती.

"आई, मला नको गं. दादाला दे सगळं. मी काय परकी आहे का त्याला?"

"गप बस," ताई म्हणाल्या. "मीपण हेच म्हटलं होतं."

घर तुझंच आहे, असं कोणी म्हणालं की मी हल्ली विचारते, मग तिचं नाव राहायला हरकत काय?

ताईंचं माहेर परत मिळालं नाही. त्यांच्या लेकीचं मात्र त्यांनी रजिस्टर करून ठेवलं.