कॉलरला नंबर नसलेला कुर्ता

नजीरा नदाफ ही बाई एकदा का न्हाय म्हणाली, की मग दारात पोलीस उभा राहिला तरी न्हायच. मी हे सांगतो कारण गेली बावीस वर्सं तिचं गादीचं दुकान आन् माजी पिठाची गिरणी भिंतीला भिंत लागून हाय, फुलेवाडीच्या तिसऱ्या स्टॉपला. तिच्या मशिनीतनं कापूस उडतो, माझ्या गिरणीतनं पीठ. संध्याकाळपतुर दोघंबी पांढरी फटक. मी म्हणतो तुजा कापूस माझ्या पिठात येतोय, ती म्हणती तुजं पीठ माझ्या गादीत. शेवटाला जिंकती तीच. आवाजच तसा हाय, गिरणी चालू असली तरी ऐकू येतो.

नवरा वारला तवापासनं दुकान एकटीच बघती. कापूस पिंजायचा, खोळ शिवायची, गादी भरून टाके घालायचे. त्याच्या जोडीला आणि एक बिनपगारी उद्योग लावून घेतलाय, बालगृहातल्या पोरांचा. ज्यांस्नी आई-बाप न्हाईत, न्हायतर असून नसल्यासारखे, ती पोरं तितं वाढत्यात. अठरा पुरी झाली की भाईर. आता बगा पावणं, आपल्या घरातला अठरा वर्सांचा पोरगा सकाळी उठून 'आई, माजं बनियन कुठं हाय' म्हणून बोंबलतो, आन् ह्यांनी म्हणं त्या दिवसापासनं आपलं आपण बघायचं! सरकारची योजना हाय, थोडी मदत मिळती. पर ताप आला तर योजना काय उशाला बसती व्हय? नजीरा, सगळी गल्ली तिला आपाच म्हणती, अशा पोरांस्नी गाठती. काम देती, खोली बघती, आधार कार्डावर पत्ता घालायला लावती, आन् दिवसभर त्यांच्यावर वरडती. तिच्या हाताखालनं सात जण गेली. जोतीराम वारणानगरला दुधाचा टँकर चालवतो. आफशीननं जयसिंगपुरात पार्लर टाकलंय.

आठवी वर्षाराणी. तिच्यापायी मी सापडलो.

गिरणीच्या वर माजी एक खोली हाय. आपा आली आन् म्हणाली, "कृष्णातभाऊ, वरची खोली पोरीला दे. नर्सिंगच्या पयल्या वर्साला हाय. कॉलेजच्या हॉस्टेलात जागा न्हाय. खोली मिळाली न्हाय तर तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात धाडत्यात, आन् शिक्षण बोंबलतंय."

मी सरळ न्हाय म्हटलं. एकटी पोरगी, आगा ना पिछा, उद्या काय झालं तर निस्तरायचं कुणी? चार दिवस ती रोज आली. पाचव्या दिवशी भरल्या गिऱ्हाइकांत म्हणाली, "आई-बाप असल्याल्यांनाच खोली मिळंल, अशी पाटी लाव की मग दारावर!" लाज काढली माजी. तीन महिन्यांचं लेखी करून दिलं. वर दम भरला, "एक तक्रार आली की पोरगी भाईर. मग माझ्याकडं यायचं न्हाय."

पोरगी बारक्या चणीची, तेल लावून घट्ट वेणी, बोलणं शाळेच्या पुस्तकातलं. मला 'सर' म्हणायची. गिरणीवाल्याला सर! "सर, मी कॉलेजला जाऊ का?" जा की बाई, मी काय हेडमास्तर हाय? "सर, नळ सोडू का?" पयल्या रविवारी आमच्या सुनंचं, अनुजाचं, मोठं पातेलं मागून नेलं. आमाला वाटलं पाणी तापवायला. दीड किलो डाळीची आमटी केली बयेनं! चाळीस पोरींच्या स्वयंपाकात हात बसल्याला, एकटीपुरतं किती घालायचं ते ठाऊकच न्हवतं. अर्धी गल्ली जेवली त्या दिवशी. आमटी झक्कास झालती, ते मातुर कबूल करायला पायजे.

आपाचा एक नेम हाय. आल्याल्या पोरानं पयल्या आठवड्यात स्वतःची गादी स्वतःच्या हातानं भरायची. कापूस आपाचा, मेहनत त्याची. वर्षाराणीनंबी भरली, टाके वाकडेतिकडे. मग इचारलं, "आपा, हिच्यावर नंबर कुठे घालायचा?"

"कसला नंबर?"

"माझा. सत्तावीस."

एवढ्या वरडणाऱ्या बाईनं हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "नंबर-बिंबर काय न्हाय हितं. गादी तुजी हाय. ने वर आन् झोप."

दुसरा महिना निम्मा झाला असंल. गच्चीवर एकच दोरी, आमची कापडं तितंच आन् तिचीबी. एका शुक्रवारी अनुजाचा हिरवा कुर्ता दोरीवरनं गायब झाला. दिवाळीला माहेरनं, हातकणंगल्यासनं, आल्याला. दोन दिवस सगळं घर पालथं घातलं. रविवारी सकाळी पोरगी आपाच्या दुकानात कामाला म्हणून जिना उतरली, आन् अंगात त्योच कुर्ता! ओढणी कमरेला बांधून, मजेत.

अनुजा जी वरडली, शेजारपाजारचं सगळं गोळा झालं. मला तर काय, निमित्तच पायजे होतं. एक बँकवाला त्या खोलीसाठी महिनाभर मागं लागलता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "बॅग भर. आत्ताच्या आत्ता."

"सॉरी सर. सॉरी मॅडम," म्हणाली आन् लागली की जिना चढायला. खरोखरच बॅग भरायला निघाली! एक शब्द उलट न्हाय, डोळ्यात पाणी न्हाय.

आपा दुकानातनं पळत आली, केसांत कापूस. "थांब गं! कुठं चाललीस?"

"बॅग भरायला."

"का?"

"सर म्हणाले."

आपानं कपाळाला हात लावला. मग माझ्याकडं वळली. "चोर कवा चोरीचा कुर्ता घालून मालकाच्याच दारातनं जातो व्हय रं? अक्कल दळायला टाकलीस का काय?"

"मग काय वाऱ्यानं तिच्या अंगात घातला?"

"तिला इचार की! गल्लीला गोळा करायच्या आधी एकदा इचारायचं तरी." आन् पोरीला म्हणाली, "का घेतलास कुर्ता?"

पोरगी बुचकळ्यात. "दोरीवर होता. मी कॉलर बघितली. नंबर नव्हता."

"मग?"

"नंबर नसलेले कपडे सगळ्यांचे असतात ना? ज्याला बसतील त्यानं घालायचे."

अनुजाचं तोंड उघडं ते उघडंच. पाचव्या वर्सापासनं ही पोरगी बालगृहात. तितं प्रत्येकाच्या कॉलरला काळ्या शाईनं नंबर. देणगीत आल्याल्या, बिननंबरच्या कापडांचा एक पेटारा, त्यातलं ज्याला जे बसंल ते त्यानं घालायचं. भाईरच्या जगात कुणाच्याच कॉलरला नंबर नसतो, हे तिला सांगणार कोण? आपा मटकन पायरीवर बसली. "माजी चूक हाय," म्हणाली. "गादीवर नंबर नको म्हटलं, पर का नको ते सांगितलंच न्हाय मी."

माझा राग निम्मा उतरलाच होता. पर चारचौघांत बोललो होतो, आता माघार कशी घ्यायची? मर्दाचा शब्द! लई महागात पडत्यात असले शब्द. मी म्हटलं, "चूक कुणाचीबी असू दे. एक तक्रार म्हणजे भाईर, असं ठरलतं."

आता आपा मला उभा-आडवा फाडणार म्हणून मी तयारीत. तर ती म्हणाली, "मी काय बोलणार न्हाय. वर्षाराणी, तू बोल."

"मी काय बोलू?"

"मला काय इचारतीस? खोलीत कोण राहतंय, मी का तू?" आपाचा आवाज कधी न्हाय तो बारीक झालता. "माजा भाऊ उजैर. आई गेली तवा त्याला बालगृहात घातलं, माझं लगीन झालतं. अठराव्या वर्सी भाईर पडला आन् पिशवी घेऊन माझ्या सासरच्या दारात आला. सासू म्हणाली, जागा न्हाय. त्यो एक शब्द बोलला न्हाय. मीबी न्हाय. मी चहा दिला, त्यानं प्याला, बरं म्हणाला आन् गेला. आजपतुर पत्ता न्हाय. त्यानं एकदा जरी म्हटलं असतं, आपा, मी जाणार न्हाय, तर मी सासूच्या पायांवर डोकं आपटलं असतं गं! तुमाला सगळं शिकवत्यात, पर न्हाय म्हणायला कोण शिकवत न्हाय. आज तू बॅग भरलीस तर मी आडवी येणार न्हाय. पर भरायची का न्हाय ते तू सांगायचं."

बावीस वर्सं भिंतीला भिंत, आन् उजैरचं नावबी मला म्हायती न्हवतं.

पोरगी दोन पायऱ्या खाली उतरली. जिन्याचा कठडा इतका आवळून धरलता, बोटं पांढरी पडली. मग अनुजाकडं वळली. "वहिनी, मी चुकले. कुर्ता धुऊन, इस्त्री करून देते." मग माझ्याकडं बघितलं. "पण खोली मी सोडणार नाही."

"काय?"

"तीन महिन्यांचं लेखी आहे. दीड महिना अजून बाकी आहे. तक्रारीचं त्यात काही लिहिलेलं नाही, मी वाचलंय. माझी परीक्षा आहे. मी जाणार नाही."

चोर तर चोर वर शिरजोर, हे माझ्या ओठावर आलतं. जीभ चावली. नळ सोडायला माजी परवानगी मागणारी ही पोरगी, माझ्याच दारात, माझ्याच खोलीवर हक्क सांगत होती. आवाज कापत होता पर डोळं काय खाली जाईनात. आन् इमानानं सांगतो पावणं, राग यायचा सोडून माजा ऊरच भरून आला. असली पोरगी उद्या दवाखान्यात पेशंटासाठी डॉक्टरालाबी अडवील. त्या बँकवाल्याला म्हटलं मनातल्या मनात, जा बाबा, दुसरीकडं बघ.

"राहा," मी म्हटलं. "दीड महिना कशाला, शिक्षण पुरं होईस्तोवर राहा. नवीन लेखी करू."

अनुजाबी पाघळली. "कुर्ता राहू दे तुलाच. बरा दिसतोय तुला."

"नको, वहिनी. तो तुमचा आहे."

आता एवढ्यावर माणूस मुकाट्यानं वर जातंय का न्हाय? तर ही म्हणती, "आणखी एक. खोलीला आतून कडी नाही. ती बसवून द्या."

तितं मी पूर्वी पोती ठेवायचो, आतनं कडी कुणाला लागती? दीड महिना ती पोरगी दार नुसतं लोटून झोपत होती, आन् मागायचं असतं हेच तिला ठाऊक न्हवतं. मालक म्हणून मला तरी कुठं सुचलं? तसाच उठलो, हार्डवेअरच्या दुकानातनं चांगली जाड कडी आणली आन् स्वतः बसवली. आपा स्क्रू हातात धरून उभी. सूचना चालूच, "वर घे, खाली घे, वाकडी बसवतोस."

पोरगी आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. आपानं दार ढकलून बघितलं, हाललं न्हाय. पुन्हा खांदा लावून ढकललं.

आतनं आवाज आला, "आपा, मी अभ्यासाला बसतेय. उद्या या."

आपानं दाराला लावल्याला खांदा काढला. मग पदरानं तोंड पुसत जिना उतरली आन् गल्लीत जो भेटंल त्याला धरून सांगत सुटली, "ऐकलंसा का? मला उद्या या म्हणाली!"