अण्णांनी दाखवलेला उतार

तळ्याकाठी पोचलं की अण्णा पहिली पाच मिनिटं पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे. माझ्यासारखी उतावळी बाई गाडीच्या टपावरून कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद नाव, सोडवायला धावायची, आणि हा साठी उलटलेला माणूस कमरेवर हात ठेवून जमीन न्याहाळत बसायचा. चढ किती, चिखल कुठं, गाडी कुठवर येते, भटकी कुत्री कुठं पसरलीत. "अहो अण्णा, पाणी इकडे आहे," असं मी पहिल्याच दिवशी खवचटपणे म्हणाले. ते वळलेसुद्धा नाहीत. "पाणी कुठं पळून जातंय, अक्का? आत काय, बेडूक पण जातो. दमून आल्यावर बाहेर कुठनं पडणार, ते बघा की आधी."

मी मूळची सांगलीची. सरकारी संशोधन संस्थेतल्या नोकरीने बेंगळुरूत आणून टाकलं. समुद्र नाही, नदी नाही, म्हणून मी वर्षभर कुढत होते. मग कुणाकडून तरी जुनी कयाक घेतली, तर तिच्या बुडाला हातभर चीर. ती घेऊन इथल्या शिवाजीनगरात फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेले आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये घासाघीस करायला लागले. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मराठीत भांडा हो, मला पण बरं वाटेल." ते अण्णा. राहायला चामराजपेटेत. "आमचे लोक चारशे वर्षांमागं आले हिकडं, अजून परतीची गाडी मिळाली नाही," असं सांगून स्वतःच खो खो हसायचे. चीर त्यांनी अशी बुजवली की शोधून सापडू नये. आणि पुढच्या रविवारी नाव तरंगते का बघायला म्हणून जे आले, ते चार वर्षं दर रविवारी येत राहिले.

हेब्बाळच्या पलीकडे एक मोठं तळं आहे. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. तळ्याची देखभाल करणाऱ्या समितीची तिथं रविवारी सकाळी वल्हवायला परवानगी होती. मला एका बाजूच्या दगडी पायऱ्या फार आवडल्या. स्वच्छ, रुंद, वर पिंपळाची सावली. अण्णा म्हणाले, "नको." मी म्हटलं, "तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही." आणि हट्टाने तिथूनच नाव पाण्यात ढकलली. तीन हात गेले असेन नसेन, खालून खर्रर्र आवाज आला आणि पाणी थेट मांडीखाली! त्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं गणपती विसर्जन व्हायचं. माती विरघळली होती, आतल्या तारा आणि लाकडी सांगाडे तसेच उभे होते. अण्णा चड्डीवर पाण्यात उतरले, नाव ओढली, मला ओढलं, आणि एका शब्दाने टोमणा मारला नाही. डब्यातलं चित्रान्न, म्हणजे इथला लिंबू-भात, पुढं करून एवढंच म्हणाले, "खावा. स्वल्प तिखट आहे." मी तिखटाच्या नावाखाली रडून घेतलं.

त्यानंतर मी मुकाट्याने शिकले. काठी पाण्यात खुपसून बघायची. वीतभर आत गेली तर ठीक, हातभर गेली तर गाळ, पाय अडकणार. फेस दिसला की जवळपास गटाराचं तोंड आहे असं समजायचं. सकाळचा वारा कुठून येतो ते बघायचं आणि जाताना त्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे येताना दमलेल्या माणसाला तोच ढकलत आणतो. एवढं सगळं सांगून अण्णा वर म्हणायचे, "हे सगळं नाही कळलं तरी चालतंय. मासे धरणारा आपली नाव कुठं ओढतो तेवढं बघा. त्याचं पोट आहे त्याच्यावर, तो चुकीची जागा धरणार नाही."

अशी जागा त्या तळ्यावर एकच होती. बाकी सगळ्या काठाला फिरायचा रस्ता आणि लोखंडी जाळी झाली होती. फक्त एका कोपऱ्यात, शिंदीच्या चार झाडांखाली मुरमाचा उतार उरला होता, आणि तिथं मुनियप्पा आपली टोपलीसारखी गोल नाव काढायचे. मासे धरायचा परवाना त्यांचा, उतारावर बसून मासे विकायची त्यांची बायको. अण्णांनी तिथं सरळ पाय ठेवला नाही. पुढच्या रविवारी केळी आणि विड्याची पानं-सुपारी घेऊन आले, ती मुनियप्पांच्या हातात ठेवली आणि कन्नडमध्ये शब्द दिला, की या जागेवरून आम्ही दोघंच उतरू, तेही तुमची नाव बाहेर पडल्यावर, आणि तिसऱ्याला जागा दाखवणार नाही. मलाही पानाला हात लावायला लावला. मी मनात म्हटलं, काय हे नाटक! पण परत येताना गाडीत अण्णा गंभीरपणे म्हणाले, "अक्का, चांगली जागा रिकामी कधीच नसते. कुणाची तरी असते. विचारून घ्यायची." त्या दिवशी या माणसाबद्दल मला जो आदर वाटला, तो माझ्या संस्थेतल्या एकाही साहेबाबद्दल कधी वाटला नाही. वाटला होता, हे मान्य करताना आज जीभ अडखळते.

मी नकाशे काढण्यातली बाई. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे मोजून मी त्या तळ्याच्या काठाचा नकाशा केला. कुठं गाळ, कुठं तारा, कुठं फेस, कोणत्या महिन्यात पाणी किती मागं जातं. शिंदीच्या झाडांपाशी हिरव्या शाईने लिहिलं, 'मुनियप्पांचा उतार', आणि खाली कन्नडमध्येही. अण्णांनी तो हातात घेऊन किती वेळ पाहिला. म्हणाले, "दुकानात लावतो. माझ्या आयुष्यात कुणी असं काही माझ्या बोलण्यावरनं लिहून काढलं नव्हतं." मी हरखून देऊन टाकला.

मग दोन-तीन रविवार अण्णा आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. मीही गावी जाऊन आले. त्यानंतरच्या रविवारी तळ्यावर गेले, तर शिंदीच्या झाडांना नवी जाळी, जाळीला फाटक, उतारावर निळ्या प्लॅस्टिकचा तरंगता धक्का. पलीकडे उभ्या राहिलेल्या टॉवरच्या क्लबची पाटी: फक्त सदस्यांसाठी. मुनियप्पांची गोल नाव फाटकाबाहेर उपडी पडलेली, ते तिच्याशेजारी उकिडवे बसलेले. फाटकाला लागूनच एक खोली, तिच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवर काचेच्या चौकटीत माझा नकाशा. हिरव्या शाईच्या जागी पांढरा कागद चिकटवून वर छापलं होतं, 'लाँच पॉइंट'. बाकी अक्षर न् अक्षर माझं.

मुनियप्पा उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, "नीवे बरेदिद्दा, अक्का?" तुम्हीच लिहिलंत का? मी "हौदु", हो, एवढंच म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तेवढ्यात अण्णा आले. अंगात क्लबचा टी-शर्ट, छातीवर नाव, गळ्यात शिट्टी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अण्णा, समितीने परवानगी दिली कशी? ही जागा वापरात आहे का, असं विचारलं असेल ना?"

"विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "नाही म्हटलं. एक गोल नाव म्हणजे काय वापर हो, अक्का?"

"पानं-सुपारी कुणी दिली होती? मी?"

"तुम्हाला नाही कळायचं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षं टाक्यांना ठिगळं लावली. आता प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, दुकानात कुत्रं येत नाही. ह्या लोकांनी मला खुर्ची दिली, सर म्हणाले. मला, सर! मी नसती दाखवली तर दुसऱ्यानं दाखवली असती."

"दुसऱ्याने शब्द दिला नव्हता, अण्णा."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, कीवही आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच जास्त राग आला. परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. यांनी केसाने गळा कापला, तोही माझ्याच अक्षरात.

मी समितीकडे अर्ज केला, दोनदा खेटे घातले. मुनियप्पा तिथं उतरायचे याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. पुरावा क्लबच्या भिंतीवर पांढऱ्या कागदाखाली होता, आणि साक्षीदार शिट्टी घालून फिरत होता. अर्ज अजून तिथंच आहे.

महिन्याभराने मी परत गेले. कयाक गाडीवर होती, कारण मनाशी ठरवलं होतं, की फाटकासमोर नाव ठेवून बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक सदस्याला ही जागा कुणाची ते सांगायचं. गाडी थांबली तशी निळ्या गणवेशातला वॉचमन खुर्चीवरून उठून पुढे आला. ते मुनियप्पा होते. शर्ट दोन मापं मोठा, पायात नवे बूट. माझ्या डोळ्यांत न बघता त्यांनी विचारलं, "कार्ड इदेया, अक्का?" कार्ड आहे का?

ते खाली मान घालून म्हणाले, की अण्णांनीच नोकरी लावून दिली, घर चालायला पाहिजे, आणि कार्ड नसलं तर आपल्याला कुणालाच आत सोडता येत नाही. मी कुणाची जागा कुणाला सांगायला आले होते? सांगितलं असतं तर त्यांची ही नोकरीही गेली असती.

आतून अण्णांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा खरोखर उजळला, तो खोटा नव्हता. धक्क्यावरून हात उंचावून ते मुनियप्पांना कन्नडमध्ये ओरडले, आणि मग माझ्यासाठी तेच मराठीत: "सोडा हो त्यांना! आपल्याच आहेत त्या!"

मुनियप्पांनी फाटक उघडलं आणि बाजूला उभे राहिले. मी गाडी मागे घेतली.