शिक्का नसलेला शेर
किलो येण्याच्या दोनेक वर्षे आधी, हिवाळ्यात, कल्याणच्या बाजारात वजनमापे निरीक्षकाने एका तांदूळवाल्या विधवेचा पितळी शेर जप्त केला. परवा नव्या तांदळाच्या वासाने ते आठवले. मी तेव्हा तिथे खोली घेऊन एकटा राहत होतो आणि शेरभरच तांदूळ घेत असे. पहिल्या मापाला ती रिवाजाप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. माझी मोजणी तिथेच संपे. त्या दिवशी निरीक्षकाने तिच्या शेरातले तांदूळ सरकारी शेरात ओतले, तर ते भरून गोणपाटावर सांडले. "मावशी, यात तुमचाच तोटा आहे." "ठावं हाय. पोचा आलेला, मालकांनी ठोकून काढला, तवाधरनं वाईच मोठा झालाय. माझंच जातंय ना? मंग ऱ्हाऊ द्या की सायेब, त्यांच्या हातचं येवढंच उरलंय." "शिक्का नाही, मावशी. माप कमी चालत नाही, तसं जास्तही नाही." त्याने शेर झटकून पिशवीत टाकला. पुढच्या आठवड्यात तिच्यापुढे शिक्क्याचा नवा शेर होता. 'लाभ' म्हणत तिने तो सपाट भरून माझ्या पिशवीत ओतला आणि वरून एक मूठ टाकली. "ही कशाची?" मी विचारले. "मालकांच्या मापाची," ती म्हणाली. मी कल्याण सोडेपर्यंत ती मूठ कधी चुकली नाही.