तुळशीराम गजभियेची आठ दिवसांची अट

दलाल म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. मीही करत होती. चाव्या फिरवायच्या, दोन्हीकडून कमिशन खायचं, याले काय अक्कल लागते, असं मी एकदा चारचौघांत म्हणलेलं आहे, अन् तेही तुळशीराम गजभिये समोर बसला असताना. उचलली जीभ, लावली टाळ्याले. त्यानं बशीतला चहा संपवला. मागच्या वर्षी तो गेला, तेव्हापासून ते वाक्य मले खात राहिलं आहे.

तुळशीराम मूळचा गोंदियाकडचा. त्याचा बाप रेल्वेत गँगमन, आमचे बाबा मालधक्क्यावर क्लर्क, म्हणून दोन्ही घरं स्टेशनामागच्या गुढियारीत, एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात. तेव्हाची गुढियारी आता कोणाले सांगावी? मालगाडीचं शंटिंग सुरू झालं की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. कोणाकडे पाटवडीचा रस्सा झाला की वाटी चार घरं फिरून यायची, अन् परत येताना रिकामी येत नसे. कोणाचं घर कुठं संपते अन् कोणाचं सुरू होते, हे पोट्ट्यांले ठाऊकच नव्हतं. तुळशीराम मॅट्रिकले नापास झाला अन् लोकांले घरं दाखवू लागला. सायकलच्या कॅरियरवर कापडी पिशवी, तिच्यात कागद. ना दुकान, ना पाटी.

पण त्याची काम करायची तऱ्हाच वेगळी. माझी मैत्रीण रीना समता कॉलोनीत घर पाहून राहिली होती. घर झकास, मालक गोड बोलणारा. तुळशीराम घर सोडून शेजाऱ्याच्या दारात गेला अन् प्यायले पाणी मागितलं. त्या बाईनं अर्धा ग्लास आणून दिला. बाहेर येऊन तो रीनाले म्हणाला, "दीदी, एप्रिल महिन्यात पाहुण्याले अर्धा ग्लास देते म्हणजे मे महिन्यात इथं बोअर आटते. राहू द्या." तो सौदा त्यानं स्वतःच्या हातानं मोडला. असा दलाल तुम्ही पाहिला आहे का?

आता माझं सांगते. मी विमला, रेल्वेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली. आमचे हे गेल्यापासून समता कॉलोनीत एकटीच राहते. माहेर म्हणजे एकच, गुढियारीतलं बाबांचं घर, अन् त्यात माझा भाऊ बाबारावदादा. त्याच्याशी मी सहा वर्षं बोलत नव्हती. कारण ऐकाल तर हसाल. त्याच्या पोट्ट्याच्या, यशदीपच्या लग्नाची पत्रिका मले फोनवर आली. सख्ख्या आत्याले पत्रिका फोनवर. अक्षता घेऊन कोणी आलं नाही, अन् गुढियारी ते समता कॉलोनी अंतर ते किती, पंधरा मिनिटांचं. मी गेली नाही. काहून आली नाही, हे दादानंही विचारलं नाही. एकाच बापाची दोनच लेकरं आम्ही, अकडीत कोणी कमी नाही.

पाच वर्षांपूर्वी, त्या अबोल्याच्या सहाव्या वर्षी, दादानं घर विकायले काढलं. यशदीप पुण्यात नोकरीले, त्यानं फोनवरच गिऱ्हाईक शोधलं, गुढियारीतलाच एक धान्याचा व्यापारी. "दलाल को पैसा क्यों देना, पापा?" असं त्याचं म्हणणं. कागद म्हणून दादानं टॅक्सच्या पावत्या काढून ठेवल्या. आमच्या लोकांचा एक पक्का समज आहे, टॅक्सची पावती ज्याच्या नावानं येते, घर त्याचं. आई अन् बाबा गेल्यावर पावती दादाच्या नावानं येऊ लागली, म्हणून दादा मालक. रजिस्ट्री, म्हणजे घराचं खरेदीखत, पेटीत होती, ती कोण पाहते.

व्यापारी मात्र एकदा दुधानं पोळलेला होता. बयाणा द्यायच्या आधी तो सगळे कागद घेऊन तुळशीरामकडे गेला. तुळशीरामनं ते वाचले अन् दादाले बोलावून विचारलं, "रजिस्ट्री अजून बाबांच्याच नावानं आहे. विमलाताईची सही कुठं आहे?" दादाचं तोंड उतरलं. माझ्या सहीशिवाय घर विकलं असतं तर उद्या व्यापारीही कोर्टात अन् दादाही कोर्टात. यशदीप फोनवर म्हणाला, मग बुआची सही घेऊन टाका. तुळशीराम म्हणाला, घेऊन टाकायची वस्तू नाही ती. काम माझ्या रीतीनं करायचं असेल तर करतो.

मग तो माझ्याकडे आला. मी दारातच म्हणलं, "सही पाहिजे ना? काढ कागद."

"कागद आणला नाही, ताई. रविवारी जेवाले या, बोलावणं घेऊन आलो."

"कोणाच्या घरी?"

"तुमच्या. मी रजिस्ट्री वाचली आहे, अर्धं तुमचं आहे."

तो गेला अन् माझं डोकं भणभणलं. सहा वर्षांत आठवण आली नाही, अन् घर विकताना बहीण आठवली. दादाले मी पाहिजे होती का माझी सही पाहिजे होती? या एका प्रश्नानं मले अन्न गोड लागेना. न जावं तर माहेरचा उंबरा कायमचा जाणार, जावं तर गोडगोड बोलून सही काढून घेतील. शेवटी गेली. खोटं कशाले बोलू, ते घर एकदा पाहायचं होतं मले.

सामान बांधून झालं होतं, यशदीपही सौद्यासाठी पुण्याहून सुट्टी घेऊन आला होता. कमलावहिनीनं पाटवडीचा रस्सा केला होता अन् लाल माठाची, आमच्याकडची लाल भाजी. दादा स्वतः वाढून राहिला होता, पण माझ्याकडे पाहत नव्हता. मीही ताटाकडेच पाहत होती. त्यानं न विचारता माझ्या भातावर दोनदा रस्सा ओतला, लहानपणी आई ओतायची तसा. हात धुतल्याबरोबर मी बाहेर अंगणात बसलेल्या तुळशीरामले म्हणलं, आण रे कागद, करते सही.

"आज नाही," तो म्हणाला.

यशदीप वैतागला. "अंकल, बुआ खुद बोल रही है, साइन ले लो ना. पार्टी भाग जाएगी."

"भागने दो, बेटा. आठ दिन." मग तो आम्हाले म्हणाला, "ताटावरून उठलेल्या माणसाची सही मी घेत नाही. ती लाजेची सही असते. आठ दिवस कोणी ताईजवळ घराचं नावसुद्धा काढायचं नाही. नंतर मी येतो."

तिसऱ्या दिवशी दादा माझ्या दारात. बसला, चहा घेतला, गुडघे दुखतात म्हणाला, गेला. पाचव्या दिवशी पुन्हा. मले राहवलं नाही. म्हणलं, "सहीचं विचारायचं असेल तर विचार ना सरळ."

"तुळशीरामनं घराचं बोलायले मना केलं आहे," दादा म्हणाला. "मग काय बोलावं समजत नाही. म्हणून नुसताच बसतो." आम्ही दोघंही हसलो. सहा वर्षांनी हसलो असू.

आठव्या दिवशी तुळशीराम दोन कागद घेऊन आला, सोबत दादा अन् यशदीप. एकावर मी माझा हिस्सा सोडला असं लिहिलेलं, दुसऱ्यावर मी अन् दादा दोघं मिळून विकतो, रक्कम अर्धी अर्धी. दोन्ही त्यानं ओळ न् ओळ वाचून समजावले. मी पहिल्या कागदाकडे हात नेला. आमच्यात बहिणी तेच करतात, हिस्सा सोडायचा अन् माहेर राखायचं.

तुळशीरामनं कागदावर हात ठेवला. म्हणाला, "माझी बहीण राधिका, तिनंही असाच सोडला होता. मीच सही घेतली. जेवली अन् तिथंच अंगठ्याले शाई लावली तिच्या. ती तिकडे गोंदियाले सासरी गेली ते पुन्हा आली नाही. हिस्सा सोडल्यानं माहेर राहत असतं तर ती आली असती ना, ताई."

मी दुसऱ्या कागदावर सही केली. यशदीपचा चेहरा पडला, तो पडू दे. दादानं माझ्या सहीखाली सही केली अन् म्हणाला, तिचंच होतं अर्धं. व्यापारीही कुठं पळाला नव्हता. रजिस्ट्री झाली, रक्कम मिळाली, दादा शंकर नगरात फ्लॅटमध्ये गेला. पुढच्या रविवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात दादा, हातात लाल भाजीची जुडी. आता माझ्याजवळ त्याले लागेल अशी एकही सही उरली नव्हती. त्यानं भाजी हातात दिली अन् मी तिथंच उभ्या उभ्या रडली. तेव्हापासून त्यानं एक रविवार चुकवला नाही.

मागच्या वर्षी तुळशीराम गेला तेव्हा आम्ही दोघं बहीणभाऊ सोबतच गेलो. पाऱ्यातल्या कितीतरी बाया आल्या होत्या, सगळ्या कोणा ना कोणाच्या बहिणी, त्याच्या आठ दिवसांच्या अटीतून गेलेल्या. कोपऱ्यात एक म्हातारी एकटीच बसली होती. कोणीतरी सांगितलं, ही राधिका, तुळशीरामची बहीण, गोंदियाहून आली. मी तिच्याजवळ जाऊन बसली अन् तुळशीरामनं आमच्यासाठी काय काय केलं, ते सगळं सांगितलं. आठ दिवसांची अट सांगितली, दादा कसा नुसताच येऊन बसायचा ते सांगितलं. म्हणलं, हिस्सा सोडू नका, हे तुमचं नाव घेऊनच सांगितलं होतं त्यानं.

ती सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्यांच्या भावांले त्यानं बहिणींच्या दारात पाठवलं. अन् बाई, तो माझ्या दारात काहून आला नाही?"

मी तिचा हात हातात घेतला.