तिसरं ‘अहो’

खिसेकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कोणी वाचत नाही. गल्लीत रेडिओवाल्यांचं दुकान विचारलं की उत्तर येतं, “कोण, खिसेकाका? शिंप्याच्या पलीकडे.” डावा हात कायम पँटच्या खिशात, म्हणून खिसेकाका. ही ऐट नव्हे, धंद्यातली अक्कल आहे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत काचेचे दिवे असलेल्या, जुन्या यंत्रात चारशे व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढला तरी कंडेन्सरच्या पोटात ते बराच वेळ दबा धरून बसतात. दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरते, काळजाची विचारपूस करते आणि दुसऱ्या हातातून निघून जाते. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं आणि काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की कुंड्यांना पाणी घालतानाही त्यांचा डावा हात खिशात असतो. “अहो, कुंडीत करंट नसतो,” असं काकू लग्न झाल्यापासून सांगताहेत.

काकांना अभिमान एकाच गोष्टीचा. “चाळीस वर्षं झाली. दुरुस्त केलेली एकही वस्तू परत आली नाही.” हे ते गिऱ्हाइकाला सांगत, शेजारच्या शिंप्याला सांगत, आणि दोघंही नसले तर भिंतीला.

“माझ्याकडे रोज परत येतात,” शिंपी म्हणे. “माणसं फुगतात, त्याला मी काय करू?”

अशा या दुकानात एका सोमवारी गणिताच्या बाई बाबागाडी ढकलत आल्या. समोरच्या आजी कौतुकाने गाडीत वाकल्या, “कुणावर गेलंय गं?” म्हणाल्या आणि दचकून मागे सरकल्या. दुपट्यात गुंडाळलेला वीस किलोचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर होता, व्हॉल्व्हचा.

“काका, हा मध्येच गप्प बसतो. आणि गप्प नसला की गुरगुरतो.”

“नवरा आणलाय की यंत्र?” दुकानामागच्या घरातून काकूंचा आवाज आला.

बाईंच्या शाळेतल्या मास्तरांनी मिळून एक बँड काढला होता. ड्रमवर कवायतीचे सर, गायला भूगोल. शनिवारी शाळेच्या सभागृहात कार्यक्रम, आणि त्यात दीड मिनिट सगळे थांबणार, फक्त बाई वाजवणार. “बावीस वर्षं फळ्याकडे तोंड करून उभी आहे, काका. दीड मिनिट तरी लोकांकडे तोंड करून काहीतरी म्हणायचंय.”

“शनिवार? मंगळवारी संध्याकाळी घेऊन जा.”

काका कामाला लागले. कंडेन्सर फुगले होते, ते बदलले. एका व्हॉल्व्हचे पाय सैल होते, ते घट्ट केले. मग त्यांना दिसलं की पूर्वी कुणा गाढवाने विजेचा ओघ आवरणारे रझिस्टन्स दोन ठिकाणी भलत्याच मापाचे डागून ठेवलेत. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी ते उपटले, योग्य मापाचे लावले आणि जुने कचऱ्यात टाकले. सकाळी कचरागाडी ते घेऊन गेली. आता आवाज असा, की घासून पुसून ठेवलेली काच. मंगळवारी बाई घाईत आल्या, गाडीत घालून घेऊन गेल्या.

बुधवारी दुपारी शिंप्याने आरोळी ठोकली, “खिसेकाका! गाडी परत आली!”

काका उभे राहिले ते स्टूल पाडूनच.

“कुठे खरखर राहिली? दाखवा.”

“खरखर राहिली नाही, हीच तर तक्रार आहे,” बाई रडवेल्या झाल्या होत्या. “जोरात छेडलं की तो थोडा फाटायचा. आता फाटतच नाही.”

“फाटलेलं मी शिवलं!”

“ते फाटलेलंच हवं होतं, काका.”

आयुष्यभर ज्या माणसाने आवाजातले काटे वेचून काढले, त्याला कोणी काटे पेरायला सांगत होतं.

“तुम्ही डॉक्टरकडे जाऊन, मला जरा खोकला द्या, असं म्हणता का?”

“खोकल्यानेच गाणं रंगत असेल तर म्हणेन.”

काका पुटपुटत बसले. पण वस्तू परत आली होती, आणि ती तशीच परत जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाईंना गिटार घेऊन समोर बसवून ते एकामागून एक रझिस्टन्स लावून बघू लागले. एकदा आवाज डबा लाथाडल्यासारखा आला, एकदा भोंग्याला सर्दी झाल्यासारखा.

“अहो, किती फाटलेला हवा? मापात सांगा! गणिताच्या ना तुम्ही?”

“याला माप नाही हो. तुम्ही काय काय लावून बघता तेच मला कळत नाही, मी काय सांगणार?”

तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली. “अहो, चहा!” काकांनी ऐकलंच नाही. “अहो, चहा झालाय!” काकांनी मान डोलावली, भिंतीकडे. मग काकूंचं तिसरं ‘अहो’ आलं. मोठं नव्हतं ते, पण शेवटाला कडेने चरचरीत फाटलेलं. काका तत्क्षणी उठले.

“हाच!” बाई ओरडल्या. “काकू, परत म्हणा! काका, असाच पाहिजे. पहिली दोन नाही, तिसरं.”

काका तिथेच खिळले. स्वच्छ आवाज माणूस ऐकतो आणि सोडून देतो, उठवतो तो फाटका, हे त्यांच्या घरात इतकी वर्षं रोज सिद्ध होत होतं आणि त्यांनी यंत्रात ते कधी येऊ दिलं नव्हतं.

चहा निवला. काकांनी पहिल्या व्हॉल्व्हचा जोर दुसऱ्याच्या अंगावर अधिक सोडला, म्हणजे पाणी आधी भरपूर सोडून पुढे तोटी बारीक करावी तसं. काकूंना दारात उभं केलं. “म्हण.” “काय म्हणू?” “रागाव.” “कशावरून?” “तुला कारण लागतं?” हे ऐकून काकूंनी जे ‘अहो’ म्हटलं, त्याच्याशी गिटार लावून बघितली. पाचच्या सुमारास दोघी एकमेकींच्या बहिणी वाटू लागल्या. काकांनी वर एक बटण बसवलं. खाली असेल तेव्हा स्वच्छ, वर केलं की तिसरं ‘अहो’.

शनिवारी काका-काकू पाचव्या रांगेत बसले. काकांना घाम फुटला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते बिघाड करून देऊन मोकळे झाले होते. भूगोल गाऊन थांबला, कवायत थांबली. बाईंनी वाकून अ‍ॅम्प्लिफायरवरचं बटण वर केलं आणि त्या लोकांकडे तोंड करून पुढे आल्या. पहिलाच सूर कडेने फाटत आला. मागच्या रांगेतल्या मुलांनी गप्पा थांबवल्या. काका अर्धे उठले, दुरुस्तीला निघाल्यासारखे.

काकूंनी शर्ट धरून खाली ओढलं. “बसा. बिघडलेलं नाहीये.”

“माहितेय,” काका बसत म्हणाले. “सवयीने उठलो.”

दीड मिनिटाचं पावणेदोन झालं. टाळ्यांच्या गडबडीत बाई धावत खाली आल्या, केस विस्कटलेले, चेहरा लाल. “काका, आता मरेपर्यंत परत आणणार नाही हा!”

“आणा की,” काका म्हणाले. “धूळ पुसायला तरी आणा अधूनमधून.”

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.