मनगटातला वळसा

आमच्या धाकट्या भाऊजींना सोपं काही आवडत नाही. सोपं त्यांना जमतं की नाही, हे सांगणं कठीण आहे, कारण त्यांनी ते कधी करूनच पाहिलेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझे दीर. फरश्या बसवण्याची कामं घेतात. कानामागे पेन्सिल, खिशात दोरीचं बंडल, आणि बोलणं असं की जणू जमीन त्यांना विचारूनच सपाट झाली. कपाट जिन्यावरून सरळ वर जात असेल, तर हे ते दोर लावून खिडकीतून चढवणार, खाली चार माणसं मान वर करून बघतील याची खात्री करून. माझ्या स्वयंपाकघरात मला साध्या, सरळ फरश्या हव्या होत्या. त्यांनी तिरक्या बसवल्या. शेवटी कोपऱ्यात तुकडे कमी पडले, आणि त्या कोपऱ्यावर आजही माझं पाण्याचं पिंप उभं आहे. आलेला पाहुणा फरश्यांचं कौतुक करतो, तेव्हा मी पिंपाकडे बघते.

त्यांच्या स्वतःच्या घरची कथा तर विचारूच नका. दुसऱ्यांच्या न्हाणीघरांना उतार काढून देण्यात या माणसाचं अर्धं आयुष्य गेलं. घरच्या न्हाणीघरात मात्र पाणी जाळीकडे न जाता दाराशी येतं, आणि माझी धाकटी जाऊ रोज सकाळी ते खराट्याने मागे लोटत असते.

"अहो, एकदा बघा ना," ती म्हणते.

"बघतो. ते किरकोळ काम आहे."

किरकोळ म्हणूनच राहिलं आहे ते.

तर अशा माणसाच्या हातात कोणीतरी पूलची काठी दिली. बाजारामागच्या गल्लीत एका जुन्या हॉलमध्ये क्लब आहे, तिथे हे रोज कामावरून सुटले की जातात. हिरव्या कापडाचं लांबट टेबल, कडेला सहा पॉकेटं, पांढऱ्या बॉलने टोला देऊन आपापले बॉल पाडायचे आणि सगळ्यात शेवटी काळा. काळा कोणत्या पॉकेटमध्ये पाडणार ते आधी जाहीर करायचं. एवढाच खेळ. क्लबमध्ये त्यांना उस्ताद म्हणतात. ही पदवी पहिल्यांदा कोणी दिली हे शोधायला गेलं, तर माग भाऊजींपाशीच येऊन थांबतो.

उस्तादांचा एक शॉट आहे. त्याला ते वळसा म्हणतात. काळा बॉल खिडकीकडच्या लांब कठड्यापासून वीतभर आत असला, की हे त्याला अलगद टोला देणार. काळा टेबलाच्या पार टोकाला जाणार, तिथे आपटून उलटा फिरणार, आळसावलेल्या मांजरासारखा कठड्याच्या बाजूने परत येणार, आणि अगदी शेवटी जरासा वळून ह्यांच्या पोटाजवळच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये टपकणार. ते शेवटचं वळण म्हणजे मनगट, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर पडायचाही तो. मग सगळे "वा उस्ताद!" म्हणायचे.

सरावही काय तो! कापडावर पेन्सिलीने बारीक खूण केलेली, बॉल रोज त्याच खुणेवर. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर लिंबू आणि कुंच्याचा दांडा. एकदा जाऊ मला फोनवर म्हणाली, "वहिनी, आज जेवणात लिंबू नाही. लिंबू सरावाला गेलंय."

मी एकदा त्यांना किल्ली द्यायला क्लबमध्ये गेले होते. त्या हॉलमध्ये पूर्वी कपडे धुण्याचा कारखाना होता. खिडकीखाली भिंतीत पाणी बाहेर सोडायचं भोक अजून लिंपलेलं दिसतं. मी उभी होते तेवढ्यात कोणीतरी टेबलाच्या मधोमध एक बॉल नुसता ठेवला. तो बॉल क्षणभर थांबला आणि आपला आपण खिडकीच्या दिशेने निघाला. मी भाऊजींकडे पाहिलं. ते मनगट चोळत होते.

यंदा क्लबचा संघ दुसऱ्या गावी स्पर्धेला जाणार होता. चार जण. तिघं ठरलेले, चौथ्या जागेसाठी भाऊजी आणि दातांचे डॉक्टर यांच्यात सामना. भाऊजी आजवर दर वर्षी राखीव म्हणून गेले आहेत. म्हणजे इतरांच्या काठ्या वाहायच्या, खुर्चीवर बसायचं आणि परत यायचं. ते त्यांना फार लागलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. या वेळी जागा मिळालीच असं धरून त्यांनी संघाचा शर्ट शिवूनही घेतला होता. पाठीवर मोठ्या अक्षरांत उस्ताद. जाऊ म्हणाली, "निदान सामना तरी होऊ द्यायचा." तर म्हणे, "सामना हा उपचार आहे."

दातांचे डॉक्टर हा अगदी नीरस माणूस. भांडी पुसून फडताळात लावावीत तसे बॉल पाडतो. जवळचा आधी, मग त्याच्या शेजारचा. कोणी टाळी वाजवत नाही, आणि डाव कधी संपला तेही कळत नाही.

रविवारी सकाळी सामना. आमच्या ह्यांनी दाढ दुखते म्हणून घरी राहायचं ठरवलं. डॉक्टर तिथेच भेटले असते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. जाऊ म्हणाली, "वहिनी, तुम्ही चला. मी एकटी असले तर हसू आवरणार नाही." म्हणून गेले.

खेळ सुरू होण्याआधी डॉक्टर हळूच म्हणाले, "उस्ताद, टेबल जरा खिडकीकडे झुकलेलं वाटतं का हो?"

झालं! भाऊजींच्या चेहऱ्यावर असा भाव आला की जणू त्यांच्या खानदानाबद्दल कोणी बोललं. "झुकलेलं? मी रोज खेळतो त्या टेबलावर! थांबा." बाहेर जाऊन त्यांनी गाडीतून पाणसळ आणली, ती बुडबुड्याची पट्टी, आणि दिमाखात टेबलावर आडवी ठेवली. बुडबुडा सरळ खिडकीच्या उलट टोकाला पळाला. म्हणजे उतार खिडकीकडे. कारखान्याची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली, आणि टेबल बिचारं तिच्यावर उभं. आयुष्यभर हेच काम करणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं हे दिसलं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. भाऊजी खुलले. "बघितलंत? अशा गोष्टी शोधायला नजर लागते." डॉक्टरांनीच शोधलं होतं, पण असो. मग लाकडाच्या पाचरी आल्या. चार जणांनी टेबल उचललं, हे खाली वाकून "अजून, अजून, बस!" करत राहिले, आणि खिडकीकडच्या दोन्ही पायांखाली पाचरी ठोकल्या गेल्या. बुडबुडा मधोमध आला. टाळ्या पडल्या.

मला राहवेना. मी बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊजी, मग आता तुमचा तो वळसा..."

"त्याचं काय?"

"तो वळायचा कशाने?"

ते हसले. लहान मुलाकडे बघून हसतात तसे. "वहिनी, शॉट मनगटात असतो. टेबलात नसतो."

"बरं," म्हटलं. माझ्याच्याने आणखी काय होणार!

तीन डावांत दोन जिंकायचे होते. पहिला डाव डॉक्टरांनी आवरून ठेवला. दुसरा भाऊजींनी जिंकला, तोही चांगला खेळून. सरळ शॉट मारावे लागले तेव्हा त्यांनी ते मारले, हे मी पाहिलं आहे. तिसऱ्यात भाऊजींचे सगळे बॉल पडले, फक्त काळा उरला. डॉक्टरांचा एक बॉल एका पॉकेटच्या अगदी तोंडाशी टेकलेला. म्हणजे भाऊजी चुकले की डॉक्टर तो आणि काळा पाडून मोकळे.

आणि काळा कुठे होता? खिडकीकडच्या कठड्यापासून वीतभर आत, त्याच कठड्याच्या मधल्या पॉकेटच्या जवळजवळ समोर. पांढऱ्याने जराशी कडेला टिचकी मारली असती, तर काळा मधल्यात गेला असता. मी लाटण्याने पाडला असता.

भाऊजींनी काठीच्या टोकाला खडू लावला. परत लावला. टेबलाभोवती एक चक्कर मारली. मग ते मधल्या पॉकेटसाठी वाकले. खरंच वाकले. जाऊने माझा दंड घट्ट धरला. काठी पुढे मागे झाली, नेम धरला गेला. आणखी एका श्वासात माणूस संघात गेला असता.

मागून कोणीतरी म्हणालं, "उस्ताद, वळसा!"

आणखी दोघं म्हणाले, "वळसा, वळसा!" त्यांचं काय जात होतं? त्यांना तमाशा हवा होता.

भाऊजी ताठ झाले. काठीच्या टोकाने पोटाजवळचं कोपऱ्यातलं पॉकेट ठोकून जाहीर केलं: इथे.

"मेलं ते मनगट," जाऊ पुटपुटली.

टोला अगदी बेताचा बसला. काळा पार टोकाला गेला, आपटला, उलटा फिरला आणि कठड्यापासून वीतभर अंतर राखून परत येऊ लागला. सरळ. इतका सरळ, की भाऊजींनी जन्मात फरशीची एक ओळ तशी बसवलेली नाही. सगळे तो वळायची वाट बघत होते. भाऊजी तर खांदा खिडकीकडे झुकवून त्याला वळवत होते. तो शेवटपर्यंत सरळ आला, पॉकेटपासून वीतभर लांब कठड्याला टेकला आणि थांबला.

भाऊजींनी मनगटाकडे पाहिलं. मग बॉलकडे. मग काठीच्या टोकावरच्या खडूकडे. पाचरींकडे काही पाहिलं नाही. डॉक्टरांनी आपला बॉल पाडला, काळा पाडला आणि चष्मा पुसला.

घरी येताना गाडीत भाऊजीच म्हणाले, "कापड दमट होतं आज."

"हो ना," जाऊ म्हणाली. "उतारच राहिला नाही, मग पाणी जाणार कुठे."

यानंतर एखाद्याने सरळ टेबलावर नव्याने सराव केला असता. भाऊजींनी सोमवारी पाचरी काढल्या. काळा पेन्सिलीच्या खुणेवर ठेवला, वळसा मारला, पडला, आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं होतं, मनगट तेच आहे.

पण संघाला स्पर्धेसाठी सरळ टेबल हवं. पाणसळ एकट्या भाऊजींकडे. तेव्हा आता रोज संध्याकाळी डॉक्टर हाक मारतात, "उस्ताद, तेवढं टेबल लावून देता का?" हे पाचरी ठोकतात, बुडबुडा मधोमध आणतात, संघ खेळून जातो. मग हे पाचरी काढतात आणि एकटेच वळसे पाडत बसतात. स्पर्धेलाही जाणार आहेत, काठ्या घेऊन. तिथलं टेबल सपाट आहे का ते बघायला कोणी हवं ना, असं म्हणतात. शर्ट घालणार आहेत, वरून जाकीट.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. जाऊची कंबर धरली होती, म्हणून न्हाणीघराच्या दारात खराटा घेऊन भाऊजी उभे. पाणी नेहमीप्रमाणे उंबऱ्याला लागलेलं.

"लोटा," जाऊ पलंगावरून म्हणाली. "मनगट आहे ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. सरळ लोटलं असतं तर काम झालं असतं. त्यांनी खराटा तिरका धरला, मनगटाला झटका दिला, आणि पाणी झोकात भिंतीपर्यंत गेलं, भिंतीला लागून वळलं आणि कडेकडेने परत त्यांच्या पायांशी आलं.

"बघितलंत, वहिनी?" ते म्हणाले.

मी चपला हातात घेतल्या आणि मागे सरले.